तारे कुठून दाखवायचे?

अंबाबाईच्या किरणोत्सवाची बातमी कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी येते आणि वाचणाऱ्याची नजर आधी एकच गोष्ट शोधते: किरणं कुठपर्यंत पोचली? नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यातल्या पश्चिमाभिमुख मूर्तीपर्यंत जातात. आधी चरण, मग कंबर-छाती, मग मुख असा क्रम मानला जातो. या दोन्ही तारखा २१-२२ डिसेंबरच्या अलीकडे-पलीकडे जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. त्यामुळे दोन्ही वेळी सूर्य पश्चिमेपासून दक्षिणेकडे साधारण १८ अंश सरकून, क्षितिजावरच्या त्याच ठिकाणी मावळतो. गणित पक्कं आहे. तरी काही वर्षी किरणं अर्ध्यावरच विरतात. त्याची कारणं तीन: वाटेत उभं राहिलेलं बांधकाम, पश्चिमेला आलेला ढग, नाही तर हवेतली धूळ आणि बाष्प.

लोकांसाठी आकाशदर्शनाचा कार्यक्रम ठरवणाऱ्यानं जागा पाहायला निघताना ही तीन कारणं ध्यानात ठेवावीत. त्यांच्या जोडीला चौथं कारण आलं ते विजेच्या दिव्यांनी आणि पाचवं आहे ते खुद्द येणारी माणसं. पाचव्याचा विचार सगळ्यात कमी होतो आणि कार्यक्रम बहुतेक वेळा तिथंच फसतो.

कोल्हापूर जिल्ह्यातच आणखी एक जागा आहे, जिथं आकाश पाहायला माणसं आपणहून जमतात. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी खिद्रापूरला कोपेश्वराचं शिलाहारकालीन मंदिर आहे. त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत आणि मधोमध छत नाही, मोकळं वर्तुळ आहे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री त्या वर्तुळावर चंद्र आलेला पाहायला लोक येतात. कार्तिकातला पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे विषुववृत्ताच्या बराच उत्तरेला असतो आणि खिद्रापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मध्यरात्रीच्या आसपास तो माथ्याच्या जवळून जातो. कधी अगदी माथ्यावरून, कधी काही अंश बाजूनं.

ही दोन ठिकाणं शेजारी ठेवली की जागा निवडण्यातला पहिला धडा मिळतो. किरणोत्सव हा क्षितिजाचा सोहळा आहे, म्हणून एखादा वाढीव मजलासुद्धा तो अडवतो. खिद्रापूरचा सोहळा माथ्यावरचा आहे, त्याला क्षितिज लागतच नाही. चहूबाजूंना झाडं, भिंती, खांब असले तरी बिघडत नाही. म्हणजे जागा चांगली की वाईट हे काय दाखवायचं आहे ते ठरल्याशिवाय सांगताच येत नाही. 'आमच्या शेतात या, मस्त अंधार आहे' असं निमंत्रण आलं, तर आधी विचारावं की शेताच्या दक्षिणेला काय आहे.

क्षितिजाजवळचं आकाश आणि माथ्यावरचं आकाश यांत केवढा फरक असतो, त्याचा अंदाज घेऊ. माथ्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जेवढ्या थरातून येतो, त्याच्या दुप्पट थर ३० अंश उंचीवरच्या ताऱ्याच्या वाट्याला येतो. १० अंशांवर साडेपाच पट. क्षितिजाला टेकलेल्या ताऱ्याला जवळपास ३८ पट हवा ओलांडावी लागते. शिवाय खालचे थर धुळीचे, धुराचे आणि बाष्पाचे असतात. म्हणून माथ्यावरचं जे काही दाखवायचं आहे ते साधारण जागेवरूनही दिसतं. खाली झुकलेलं काही दाखवायचं असेल, तर तेवढ्या एका दिशेसाठी जागा पारखून घ्यावी लागते.

याचं ताजं उदाहरण म्हणजे २१ डिसेंबर २०२०. त्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांपासून जेमतेम एक दशांश अंशावर आले होते. एकाच दुर्बिणीच्या एकाच दृष्टिक्षेत्रात शनीचं कडं आणि गुरूचे चंद्र मावत होते. पण ही जोडी सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येला खाली होती आणि दोनेक तासांत मावळणार होती. अशा दिवशी डोंगराच्या पूर्व उतारावरची गडद काळी जागा काही कामाची नाही, कारण डोंगरच आडवा येतो. उलट कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या पूर्व काठावर शहराचे दिवे पाठीशी राहतात आणि पाण्यापलीकडे पश्चिम क्षितिज बरंच मोकळं मिळतं. ग्रह आणि चंद्र यांना शहरी उजेडाचा त्रास फारसा होत नाही. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार मोठे चंद्र, शनीचं कडं, शुक्राची कोर हे सगळं भर वस्तीतून दिसतं. एवढंच करायचं असेल तर दुर्बीण लोकांकडे न्यावी. रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला आलेल्या माणसाला मुद्दाम कुठं जायची गरज पडत नाही आणि ज्यानं कधी आकाशदर्शनाची जाहिरात वाचलीही नसती, तो रांगेत उभा राहतो. शहरातल्या अशा कार्यक्रमाला दुय्यम मानणं मला पटत नाही. फक्त जवळच्या खांबावरचा दिवा थेट डोळ्यांत येणार नाही, अशी एखादी भिंत किंवा झाड आड धरून उभं राहावं.

तारे, नक्षत्रं आणि आकाशगंगा दाखवायची म्हटली की मात्र शहर सोडावं लागतं. किती लांब जायचं? एका शहराचा आकाशावर पसरलेला उजेड अंतराबरोबर झपाट्यानं घटतो. अंतर दुप्पट केलं तर तो साधारण साडेपाच पट कमी होतो, असा अनुभवावर बसवलेला नियम आहे. म्हणजे शहरापासून दहा किलोमीटरवर थांबण्याऐवजी वीसवर जाणं फार लाभाचं. चाळीसवर जाण्यातही लाभ आहे, पण तोवर दुसऱ्या गावाचा, कारखान्याचा, महामार्गाचा उजेड आडवा आलेला असतो आणि येणाऱ्यांपैकी निम्मी माणसं गळालेली असतात.

अंतरापेक्षाही दिशा महत्त्वाची. कोल्हापूरच्या पूर्वेला आणि आग्नेयेला दिव्यांचा सलग पट्टा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची औद्योगिक वसाहत, इचलकरंजी, पलीकडे जयसिंगपूर-सांगली आणि मधून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग. पश्चिमेला मात्र वस्ती विरळ होत जाते आणि सह्याद्री सुरू होतो. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांत अजून काळोख शिल्लक आहे. उजेडाचा घुमट कुठल्या तरी दिशेला असणारच. तो पूर्वेला किंवा उत्तरेला राहील असं पाहावं. पूर्वेचे तारे तासा-दोन तासांत घुमटाच्या वर चढून येतात. उत्तरेला ध्रुव कोल्हापुरातून सतरा अंशांवर असतो, तो थोड्या उजेडातही सापडतो. दक्षिण मात्र राखून ठेवावी.

दक्षिणेची एवढी काळजी का, ते आकडेच सांगतात. महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला असल्यामुळे कोल्हापूरकरांना दक्षिणेचं आकाश नागपूर-नाशिककरांपेक्षा जास्त मिळतं. व्याधानंतरचा सगळ्यात तेजस्वी तारा अगस्त्य इथून जास्तीत जास्त साडेवीस अंश वर येतो. नरतुरंगातला मित्र साडेबारा अंशांपर्यंत, त्रिशंकूचा खालचा तारा दहा अंशांपर्यंत. अगस्त्य फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेला सर्वांत उंच असतो. त्रिशंकूसाठी एप्रिलअखेरच्या दहाची किंवा मेच्या मध्यातल्या नऊची वेळ धरावी. हाताची मूठ वळून हात सरळ पुढं धरला की मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. दक्षिणेला एक मूठ उंचीची टेकडी असली तर त्रिशंकूचा पाय दिसणार नाही. दोन मुठींची असली तर अगस्त्यही जेमतेम डोकावेल. मूठ धरून बघायला दुर्बीणही लागत नाही, रात्रही लागत नाही. दिवसा जागा पाहायला गेल्यावर हेच पहिलं काम करावं.

आता पन्हाळा. कोल्हापूरच्या वायव्येला सुमारे २० किलोमीटरवर, कोल्हापूर शहराहून जवळपास १,३०० फूट उंच. शिवाजी विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र पन्हाळ्यावर आहे आणि तिथून रात्रीच्या आकाशाची खरीखुरी शास्त्रीय निरीक्षणं झाली आहेत. नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेबरोबरच्या कामात इथं संपूर्ण आकाश एका चित्रात टिपणारा कॅमेरा वापरला गेला. वातावरणाच्या वरच्या थरांतून रात्री अतिशय मंद प्रकाश निघत असतो. ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश साधारण ९७ किलोमीटर उंचीवरून येतो आणि तांबडा २५० किलोमीटरच्या आसपासून. हे तेज नुसत्या डोळ्यांना जवळपास जाणवतही नाही, म्हणून त्याची छायाचित्रं चांदणं नसलेल्या निरभ्र रात्रींनाच घेता येतात आणि पावसाळ्यात काम थांबतं. ज्या डोंगरावर असलं निरीक्षण जमतं, तो आकाशदर्शनाला वाईट कसा असेल?

वाईट नाही, पण जपून निवडावा लागतो. पन्हाळा राहतं गाव आहे, पर्यटकांचं ठिकाण आहे. शनिवार-रविवारी हॉटेलांचे दिवे, गाड्यांचे झोत आणि गर्दी असते, आणि आपले कार्यक्रम बहुतेक शनिवारीच ठरतात. शहराचा घुमट आग्नेयेला येतो, म्हणजे अगस्त्य उगवतो त्याच बाजूला. पूर्व टोकाच्या सज्जाकोठीपाशी उभं राहिलं तर खालचे दिवे समोरच दिसतात. पश्चिमेच्या तीन दरवाजा-पुसाटी बुरुजाच्या अंगाला काळोख बरा असतो. मात्र गड पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि जुलै २०२५ पासून मराठा लष्करी भूदृश्यांतल्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीतही आहे. संरक्षित वास्तूंत सूर्यास्तानंतर कार्यक्रम करायचा हट्ट धरू नये. गावातलं एखादं मैदान, शाळेचं पटांगण, परवानगी घेतलेलं खासगी आवार यांवरच भागवावं. पन्हाळ्याची मोठी जमेची बाजू म्हणजे चांगला रस्ता, एसटी, राहायची सोय, स्वच्छतागृहं, आणि उंची.

या उंचीचं मोल हिवाळ्यात कळतं. आपल्याकडे पाऊस जूनला येतो तो सप्टेंबर संपेपर्यंत, कधी ऑक्टोबरातही रेंगाळतो. गगनबावड्याच्या बाजूला तर महिनोन् महिने आकाश दिसतच नाही. कार्यक्रमांचा खरा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. नेमका तोच उसाचा हंगाम. गुऱ्हाळं पेटलेली असतात, चुलवाणात चिपाड ढकललं जात असतं, तोडलेल्या फडांत पाचट पेटवलं जातं आणि कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रात्रभर चालू राहते. संध्याकाळी वारा पडला की हा सगळा धूर पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगेच्या खोऱ्यांत खाली बसतो. थंड हवा जड असते, ती उतारावरून वाहत नदीकडे येते आणि वर ऊबदार हवेचं झाकण पडतं. त्यात पाणी पाजलेल्या उसाची ओल. पहाटे नदीकाठी पांढरं धुकं साचलेलं आपण सगळ्यांनी पाहिलं आहे, त्याची सुरुवात रात्री नऊ-दहालाच झालेली असते. म्हणून नदीकाठ, तलावाचा काठ आणि खोलगट माळ हे दिवसा कितीही रम्य वाटले तरी रात्रीच्या कार्यक्रमाला घेऊ नयेत. खोऱ्याच्या तळापासून शंभर मीटर वर गेलं तरी हवा पुष्कळ निवळते. गुऱ्हाळाच्या वाऱ्याखाली बसू नये, हेही वेगळं सांगायला हवं. गुऱ्हाळ दिवसा पाहिलेलं असतं, पण धूर रात्री कुणीकडे वळतो हे पाहिलेलं नसतं.

पायाखालची जमीनही बघावी. उघडा कातळ आणि सिमेंटची गच्ची दिवसभर उन्हात तापते आणि रात्री दोन-तीन तास उष्णता सोडत राहते. त्या गरम हवेतून दुर्बिणीत गुरू पाहिला तर तो उकळत्या पाण्यातल्या खड्यासारखा हलतो. गवताची किंवा मातीची जमीन लवकर निवते. पन्हाळ्याच्या पश्चिमेचं मसाई पठार म्हणूनच दुपारी वाटतं तितकं सोयीचं नाही. विस्तीर्ण आणि मोकळं आहे, चारी दिशा खुल्या आहेत, पण बराचसा भाग जांभ्याचा आहे, वारा अंगावर येतो, आडोसा नाही आणि वन खात्याची परवानगी विचारल्याशिवाय रात्री जमाव नेऊ नये. अनुभवी दहा जणांसाठी ते उत्तम आहे. दोनशे लोकांसाठी मी ते निवडणार नाही.

राधानगरीचंही तसंच. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ मध्ये घोषित झालं, महाराष्ट्रातलं ते पहिलं अभयारण्य. तिथला काळोख गव्यांचा, काजव्यांचा आणि इतर निशाचरांचा आहे. माणसांचा घोळका, मोटारी आणि लेझर घेऊन तिथं शिरायचं काही कारण नाही. जंगलाच्या बाहेर, त्याच तालुक्यातल्या आणि शेजारच्या भुदरगड तालुक्यातल्या गावांच्या माळांवर जवळपास तेवढंच चांगलं आकाश मिळतं. कोल्हापूर शहर तिथून उत्तरेला राहतं, दक्षिण मोकळी असते. माझा कौल या पट्ट्याला आहे.

अर्थात, कौल नुसता काळोखावर द्यायचा नसतो. संशोधनाच्या दुर्बिणीसाठी जागा निवडताना वर्षात निरभ्र रात्री किती, हवा किती स्थिर, हे मोजतात. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी पुण्यात उभ्या केलेल्या आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर दूर गिरवलीला सुरू झाली, ती असाच विचार करून. दुर्बिणीला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, शेवटची गाडी चुकत नाही. मुंबईच्या खगोल मंडळानं रात्रभराच्या कार्यक्रमांसाठी कर्जतच्या वाटेवरचं वांगणी निवडलं. वांगणीहून काळ्या जागा मुंबईभोवती होत्याच. पण वांगणीला लोकल थांबते. संध्याकाळच्या गाडीनं यायचं, पहाटेच्या गाडीनं परतायचं. शाळकरी मुलीला तिची आई पाठवू शकते अशी ती जागा होती, आणि म्हणून वर्षानुवर्षं तिथं लोक आकाश शिकले.

कोल्हापुरात लोकल नाही, एसटी आहे आणि दुचाक्या आहेत. दुचाकीवरून रात्री अकराला घाट उतरणारं कुटुंब डोळ्यांसमोर आणावं आणि मग जागेचा विचार करावा. रस्ता शेवटपर्यंत डांबरी आहे का? मोबाइलला रेंज आहे का? जवळचा दवाखाना किती लांब? जांभ्याच्या दगडांत आणि वाळक्या गवतात फुरसं असतं, म्हणून बसायची जागा दिवसाउजेडी साफ करून घेतली आहे का? बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? हा शेवटचा प्रश्न आयोजक पुरुष असले की हमखास राहून जातो, आणि त्यामुळे अर्ध्या बायका पुढच्या वेळी येत नाहीत.

रांगेचं गणितही जागेलाच धरून आहे. एका माणसाला नेत्रिकेशी वाकून, डोळा लावून, 'दिसलं' म्हणेपर्यंत एक मिनिट जातं. तासाला फार तर साठ. दोनशे माणसं आणि दोन दुर्बिणी असतील, तर एकटा शनी दाखवून होईतो एक तास चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ बाकीच्यांनी काय करायचं? त्यांना सतरंज्यांवर, घोंगड्यांवर उताणं पडून नक्षत्रं शिकवायची. म्हणजे रांगेपासून वेगळी, सपाट, दोनशे माणसं आडवी होतील एवढी जागा लागते. आणि वाहनतळ याहूनही वेगळा, शक्यतो वळणाआड किंवा इमारतीमागे. डोळ्याला काळोखाची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि उशिरा आलेल्या एका मोटारीचा झोत ती सगळ्यांची एका क्षणात पुसून टाकतो. विजेऱ्यांना लाल जिलेटिनचा कागद लावून भागतं, हेडलाइटला तो लावता येत नाही. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या बाजूला जागा असेल तर तारे दाखवायचा हिरवा लेझर घरी ठेवावा. वैमानिकाच्या डोळ्यांवर तो गेला तर गंभीर धोका आहे.

जागा नक्की करण्याआधी एकदा तिथं रात्री जावंच लागतं, आणि तेही कार्यक्रमाच्याच वेळेला. शक्यतो अमावास्येच्या आसपास. दिवसा न दिसलेल्या गोष्टी तेव्हा कळतात: सात वाजता आपोआप लागणारा हायमास्ट, देवळाच्या शिखरावरचा हॅलोजन, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीवरचा उघडा बल्ब. पन्नास मीटरवरचा एक उघडा दिवा वीस किलोमीटरवरच्या शहरापेक्षा जास्त नुकसान करतो, कारण तो थेट डोळ्यांत येतो. मैदानाच्या मधोमध अर्धा तास विजेरी न लावता उभं राहावं. मग कृत्तिकांचा पुंजका पाहावा. नुसत्या डोळ्यांनी सहा तारे मोजता आले तर बरं आहे. पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ धुरकट ठिपक्यासारखा दिसला तर जागा चांगली. हिवाळ्यातली फिकट आकाशगंगा सारथीपासून मृगाच्या पूर्वेकडून खाली जाताना ओळखू आली तर उत्तम. जॉन बॉर्टल या अमेरिकी निरीक्षकानं २००१ मध्ये आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची पट्टी मांडली, ती अशाच खुणांवर उभी आहे, यंत्रावर नाही. निघताना आपल्या दुचाकीच्या सीटवर हात फिरवावा. दहाच्या आत सीट ओली लागली तर दुर्बिणीच्या काचेवरही दहिवर बसणार. मग काचेपुढं पुठ्ठ्याची नळी लावायची किंवा चार पावलं उंचावरची जागा शोधायची.

तारखेबद्दल थोडंसं. अमावास्येचा काळोख हौशी निरीक्षकांना प्रिय, पण पहिल्यांदा येणाऱ्याला चंद्र पाहायला मिळाला नाही तर तो खट्टू होतो. शुद्ध चतुर्थी-पंचमीचा शनिवार दोन्ही साधतो. संध्याकाळी चंद्रकोरीवरची विवरं लांब सावल्यांसह दिसतात आणि साडेनऊ-दहाला चंद्र मावळला की आकाश मोकळं होतं.

आणि आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त आस्था आहे ते. चांगली जागा शोधण्याइतकीच ती तयारही करता येते. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या भोवतालच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड करणारे बसवले. गावं अंधारात गेली नाहीत, उजेड रस्त्यावर पडू लागला आणि आकाशात जायचा थांबला. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवू लागलं, मुलांच्या अभ्यासासाठी. जे गाव रोज दीड तास मोबाइल बंद ठेवू शकतं, तशा गावाला वर्षातून एका रात्री तीन तास रस्त्यावरचे दिवे बंद ठेवणं अवघड नाही.

म्हणून जागा शोधताना मी नकाशावरच्या सगळ्यात काळ्या ठिपक्याकडे पाहत नाही. भुदरगड, राधानगरी किंवा पश्चिम पन्हाळ्यातल्या एखाद्या मध्यम गावाचं हायस्कूल पाहतो: चढावर वसलेलं, दक्षिणेला उतार असलेलं, मुरमाचं किंवा गवताचं पटांगण असलेलं. शाळेत पाणी असतं, स्वच्छतागृहं असतात, वीज असते. मुख्याध्यापक असतात, त्यांच्या शब्दाला गावात वजन असतं. रात्री गावातली आज्जी चालत येऊ शकते. गुरूचे चंद्र शहरातून आलेल्यांनी बघावेत आणि ज्यांचं आकाश आहे त्यांनी लांबून मोटारी मोजाव्यात, हे बरं दिसत नाही.

अशी शाळा सापडली की ग्रामपंचायतीला किमान पंधरा दिवस आधी लेखी पत्र द्या. कोणते दिवे, कुठल्या खांबांवरचे, किती ते किती वाजेपर्यंत बंद हवेत, हे स्पष्ट लिहा आणि गावच्या वायरमनला स्वतः जाऊन भेटा. दवाखान्यासमोरचा आणि मुख्य रस्त्यावरचा दिवा चालू ठेवायला सांगा. पोलीस ठाण्याला कळवा. पहिली रांग गावातल्या मुलांची लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद, कप, बाटल्या उचलून पटांगण झाडून द्या, कारण पुढच्या हिवाळ्यात त्याच मुख्याध्यापकांकडे तेच पटांगण पुन्हा मागायचं आहे.